अर्जांवर उभी राहिलेली पलटण

डिसेंबर लागला की आपल्या तालुक्यातून दादरला जाणाऱ्यांची जमवाजमव सुरू होते. कुणी एस.टी.ने, कुणी रेल्वेने, कुणी पाच-पन्नास जण मिळून गाडी ठरवून. सहा तारखेला चैत्यभूमीवर माथा टेकवायचा, शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांवर हिंडायचं, भिंतीवर लावायला एखादी तसबीर घ्यायची आणि रात्रीच्या गाडीनं परत. वाचकहो, पुढच्या खेपेला हाताशी दोन तास ठेवा. दादरहून सेंट्रल रेल्वेने मुंबईच्या बाजूला निघालात की पहिलंच स्टेशन परळ. तिथे पोयबावडीजवळ बीआयटी चाळ कुठे आहे ते विचारा. चाळ नंबर १, दुसरा मजला, खोली नंबर ५० आणि ५१. बाबासाहेब आंबेडकर या दोन खोल्यांत १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह त्यानंतरचं.

राजगृह सगळे पाहतात, चाळीकडे फार थोडे वळतात. मी तुम्हाला तिकडे पाठवतो आहे त्याला कारण आहे. हे घर एका पलटणीतल्या सुभेदाराचं होतं, आणि त्या घराची चूल लष्कराच्या पेन्शनीवर पेटत होती. आपल्या देशाच्या लष्करात आज जी महार रेजिमेंट आहे तिची गोष्ट सांगायची तर बेळगाव किंवा सागर इथून सुरू करण्यापेक्षा या चाळीतून सुरू केलेली बरी.

सुभेदार रामजी सकपाळ म्हणजे बाबासाहेबांचे वडील. आजोबा मालोजी हेही लष्करातच होते. आई भीमाबाई यांचे वडील सुभेदार-मेजर. म्हणजे दोन्हीकडून घराणं पलटणीतलं. रामजी लष्करी शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. त्या काळी कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्याची सोय असे. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्यांचीच मुलं छावणीत पाटी घेऊन बसत होती. रामजींनी मराठी-इंग्रजी मिळवलं ते तिथेच.

पेन्शन घेऊन रामजी आधी दापोलीला, मग साताऱ्याला आणि १९०४ च्या सुमारास मुंबईला आले. सुरुवातीचं बिऱ्हाड लोअर परळच्या डबक चाळीत. एकच खोली. त्यातच चूल, जातं, सरपण आणि बांधलेली शेळी. भीमरावांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलं आहे की रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. गिरणगावच्या चाळीत शांतता मिळायची ती त्याच वेळेला.

आता पुस्तकांचं बघा. मुलगा पुस्तक मागे आणि घरात पैसा नसे. रामजी धाकट्या लेकीकडे जात, तिच्याकडे चार रुपये असले तर घेत. नसले तर थोरल्या लेकीकडे जाऊन लग्नात दिलेला दागिना मागून आणत आणि सावकाराकडे गहाण टाकत. पुस्तक येई. महिना भरला, पेन्शन हातात पडली की दागिना सोडवून लेकीला परत. हा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पीककर्ज आणि सोनेतारण आपणही असंच फिरवतो. फरक इतकाच की रामजींची पेन्शन पावसावर अवलंबून नव्हती. तारखेला ठरल्याप्रमाणे यायची, म्हणून गहाण दागिना बुडत नव्हता.

दार बंद झालं ते साल

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. आणि महार समाजाची लष्करातली भरती सरकारने बंद केली ती १८९२-९३ च्या सुमारास. म्हणजे मूल छावणीत रांगत होतं तेव्हाच त्याच्या जातभाईंसाठी छावणीचं दार लागलं. रामजी आत गेले होते म्हणून त्यांना पेन्शन मिळाली. त्यांच्या मागून येणाऱ्याला ती मिळणार नव्हती.

हे कसं झालं ते थोडक्यात सांगतो. मुंबई बेटाची राखण करायला ईस्ट इंडिया कंपनीने १७६८ पासून शिपायांच्या पलटणी उभ्या केल्या. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात, ती त्यातलीच. या बॉम्बे आर्मीत मराठे, महार, मुसलमान असे सगळे खांद्याला खांदा लावून होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत, त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. जुन्या काळी महार समाजात नावापुढे असं लावत, त्यावरून ओळख पटते.

पुढे १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांच्या अमदानीत 'लढाऊ जाती' नावाचा विचार पक्का झाला. अमुक जाती जन्मानेच लढवय्या आणि तमुक नाहीत असा तो विचार. उत्तरेकडची भरती वाढली, दक्षिणेकडची आणि मुंबई इलाख्याची कमी झाली, आणि महारांची तर बंदच. ज्यांची नावं सरकारनेच दगडावर कोरली त्यांना त्याच सरकारने लढायला नालायक ठरवलं. आमच्या खात्यात बियाण्याचं वाण नापास करायचं तरी आधी प्लॉट घ्यावा लागतो, उगवण मोजावी लागते. इथे तेवढंही झालं नाही.

भरती बंद झाली म्हणजे नेमकं काय गेलं? तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनी हे जरा नीट वाचावं, कारण यातले कागद अजून तुमच्या दप्तरात आहेत. गावात महाराला वतन होतं. सरकारी कागद परगावी पोचवायचा, वसुलीच्या वेळी घरोघर बोलावणं करायचं, साहेबाचं सामान वाहायचं, शिवेचा तंटा झाला तर हद्द दाखवायची, मेलेलं जनावर ओढायचं. वेळ ठरलेली नाही, रात्र नाही, दिवस नाही. वतनदार आजारी असला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि गावाने खळ्यावर घातलेलं बलुतं. तेही गावाची मर्जी असेल तर. १८७४ च्या वतन कायद्याने हे सगळं पक्कं बांधून टाकलेलं. यातून बाहेर पडायच्या वाटा दोनच होत्या, पलटण किंवा मुंबईची गिरणी.

गिरणीचीही गंमत ऐका. परळ-लालबागच्या गिरण्यांत विणकाम खात्याला पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात येऊ देत नसत. त्याने सूतकताईत राहायचं, कमी पगारावर. भोंगा सगळ्यांना एकच होता, खातं मात्र एक नव्हतं. तेव्हा पलटणीचं दार लागणं म्हणजे काय, याचा अंदाज यावरून करा. तिथे निदान बिल्ल्यावर नंबर असे, हुद्दा वाढला तर सुभेदार होता येई आणि घरी येताना पेन्शन घेऊन येता येई.

अर्ज, अर्ज आणि अर्ज

मग या माणसांनी काय केलं? त्यांनी अर्ज लिहिले. आपल्याकडे एक अर्ज पंचायत समितीत तीन महिने पडून राहिला की माणूस वैतागून नाद सोडतो. इथे अर्जांचं हे काम जवळजवळ पन्नास वर्षे चाललं, आणि ते करणारे बहुतेक पेन्शनर, बटलर, कारकून अशी साधी माणसं होती.

पहिलं नाव गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे, पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले. दापोलीत तेव्हा लष्करी पेन्शनरांची वस्तीच होती. वलंगकरांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापली आणि १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून विनंतीचा सविस्तर मसुदा तयार केला. रामजी सकपाळही गप्प नव्हते. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे गेले. रानडे तेव्हा मुंबई हायकोर्टात न्यायाधीश होते आणि गिरगावच्या प्रार्थना समाजातले पुढारी. सरकारला उद्देशून अर्ज कसा घालावा, त्यात काय लिहावं, यासाठी रामजींनी त्यांची मदत घेतली. सुभेदाराने न्यायमूर्तीच्या दारी जाऊन अर्ज लिहून घ्यायचा, हे त्या काळात सोपं नव्हतं.

दुसरं नाव पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांचं. त्यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली. ५१ गावं! आज जीप आहेत, मोबाइल आहेत, तरी एका मेळाव्याला वीस गावांची माणसं आणताना आम्हा विस्तार अधिकाऱ्यांच्या नाकी नऊ येतात. कांबळ्यांनी निरोप पोचवला तो पायी जाणाऱ्या माणसांकरवी. तिथून मुंबई सरकारला अर्ज गेला : लष्करात, पोलिसात आणि सरकारी नोकरीत घ्या. सरकारने दाद दिली नाही. पुढे १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या परिषदेने थेट विलायतेला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे विनंतीपत्र पाठवलं. त्यातली मागणी किती माफक होती बघा. मोठे अधिकार नकोत, राजकीय हक्क नकोत. खालच्या दर्जाच्या सरकारी नोकऱ्या द्या, पोलिसात शिपाई करा, पलटणीत घ्या. तेही झालं नाही.

मला या अर्जांबद्दल आदर वाटतो, आणि थोडं दुःखही. त्यांत 'आमच्या वाडवडिलांनी सरकारची इमानाने चाकरी केली' हाच सूर मोठा आहे. हक्काची भाषा अजून यायची होती. ती पुढे परळच्या चाळीतून आली.

मध्येच एक प्रसंग सांगतो, तो पलटणीच्या इतिहासात कुणी लिहीत नाही. बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. म्हणजे तिसऱ्या पिढीतही अंगावर गणवेश चढला. पण पंधरा दिवस होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचले तेव्हा सुभेदार शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. बडोद्याच्या फौजेतली ती नोकरी तिथेच संपली, आणि त्याच वर्षी भीमराव गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले.

गरज सरो

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. माणसं कमी पडू लागली तशी लढाऊ जातींची यादी सैल झाली. जून १९१७ मध्ये १११ महार्स नावाची पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षांच्या अर्जांनी जे झालं नाही ते युद्धाच्या गरजेने झालं. पण या पलटणीला युद्धात फारसं काम मिळालं नाही. युद्ध संपलं, १९२० मध्ये तिला ७१ पंजाबी पलटणीत मिसळलं आणि मार्च १९२१ मध्ये मोडीत काढलं. जवान घरी. चार वर्षांपूर्वी ज्याने वतनाचं काम सोडून बंदूक घेतली होती तो पुन्हा पाटलाच्या ओट्याखाली उभा.

यानंतरची लढाई बाबासाहेबांनी हाती घेतली आणि तिचं ठाणं परळच. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे या सभेच्या वतीने जे निवेदन दिलं त्यात लष्कर, आरमार आणि पोलीस यांत भरतीचा हक्क मागितला होता. 'चाकरीची आठवण ठेवा' ही विनवणी जाऊन तिथे 'हक्क' हा शब्द आला. त्याच वर्षी १९ मार्चला त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. पलटण आणि वतन हे एकाच गाठीचे दोन पदर आहेत हे त्यांना घरातूनच माहीत होतं. ते बिल पुढे मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. सातबाऱ्यावर 'वर्ग २' किंवा 'महार वतन' असा शेरा दिसला की तलाठी भाऊसाहेबांनी हा सगळा इतिहास क्षणभर आठवावा.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने बाबासाहेबांना संरक्षण सल्लागार समितीवर घेतलं. या जागेवरून त्यांनी स्वतंत्र महार पलटणीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. दगडावरची नावं अशी सव्वाशे वर्षांनी पुन्हा डोक्यावर आली.

या भरतीत गेलेली माणसं आपल्याच गावांतली. मागच्या हंगामात मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. सातबारा बघायला मागितला तर घरच्या आजींनी पत्र्याची ट्रंक काढली. उताऱ्याच्या वर कापडात बांधलेलं एक डिस्चार्ज बुक होतं, त्यांच्या सासऱ्यांचं, साल १९४३ च्या भरतीचं. आजी म्हणाल्या, "सायेब, जमीन ह्याच्यावरच घेतली बरं का. वतनाची न्हाई ही, इकत घेतलेली हाय." ते इतक्या ठसक्यात सांगितलं की नमुन्याच्या पिशवीवर गट नंबर लिहायचा मी विसरलो आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

रेजिमेंटच्या पुढच्या कामगिरीवर मोठी पुस्तकं आहेत, मी भरभर सांगतो. महायुद्धात तिची एक बटालियन ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती. ऑक्टोबर १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आलं. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांना वाट काढून देण्याचं काम जे जवान करत होते त्यांत महार रेजिमेंटच्या तिन्ही बटालियन होत्या. स्वतःच्या गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या पहाऱ्यात लाखो माणसं जीव मुठीत धरून सीमेपार झाली. रेजिमेंटचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. चिन्हात आता कट्यार आणि दोन मशीनगन आहेत.

आणि आणखी एक गोष्ट, जी फार लोकांना ठाऊक नसते. नाव महार रेजिमेंट असलं तरी तीत आता सगळ्या प्रांतांचे, सगळ्या जातिधर्मांचे जवान आहेत. तिचे एकमेव परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-कॉलेजात, म्हणजे दादरच्या शेजारी माटुंगा-सायनकडे. शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत असताना २५ नोव्हेंबर १९८७ ला त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. समोरच्या अतिरेक्याची गोळी छातीत घुसली असताना त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केलं आणि अखेरपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. ते ८ महारमध्ये होते. जातीवरून दार बंद करणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर काय द्यायचं?

आता आपल्या शिवारातलं. पहाटे पाचला पाणी द्यायला मोटार चालू करायला जाल तर रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. भरतीची तयारी. २०२२ पासून शिपाई भरती अग्निपथ योजनेतून होते. योजना जाहीर झाली तेव्हा मुदत चार वर्षांची ठरली, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करायचं, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी, पण पेन्शन नाही. मी सरकारी नोकर आहे, यावर मत लिहिणं मला शोभणार नाही. पळणाऱ्या पोरांच्या बापांनी मात्र सुभेदार रामजींचा दागिना गहाण टाकण्या-सोडवण्याचा हिशेब एकदा डोळ्यांपुढे आणावा आणि पोरगं परत आल्यावर काय, हे आजच घरात बोलून घ्यावं.

आमच्या खात्याशी जवळचं म्हणून आणखी एक. महार रेजिमेंटशी जोडलेली टेरिटोरियल आर्मीची १३६ इको बटालियन २०१७ मध्ये छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) उभी राहिली. तीत माजी सैनिक, आणि त्यांचं काम मराठवाड्याच्या उघड्या माळावर झाडं लावायची आणि जगवायची. खड्डा घेणं, रोप लावणं आपल्यालाही येतं. उन्हाळ्यात पाणी घालून ते जगवणं हे ज्याला पहाऱ्याची सवय आहे त्यालाच जमतं, असं मी तरी मानतो.

शेवटी कामाचं. तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत आजा-पणज्याचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पदक असेल तर वाळवीपासून सांभाळा आणि झेरॉक्स काढून वेगळी ठेवा. कागद हरवला असेल तर आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. महार रेजिमेंटच्या जवानांची नोंद सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. अर्जात नंबर, हुद्दा, बटालियन, भरतीचं साल आणि गावाचं जुनं नाव लिहा. तालुका बदलला असेल तर तोही. आणि अर्जाची पोहोच मात्र घ्या.